ब्रेसलेट गेलं, हिरा उरला!

होळकरांनी १९२३ साली पॅरिसमध्ये एक ब्रेसलेट घडवून घेतलं. त्यातला निळा हिरा २०२५ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात निघाला. मग ब्रेसलेटचं काय झालं? आणि मुलुंडच्या सोनाराकडे आजीच्या पाटल्या घेऊन निघालेल्यांनी ही गोष्ट का वाचावी?

वजन? साडेचार ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. म्हणजे अर्धा तोळाही नाही. किंमत? तीनशे ते चारशे तीस कोटी रुपये!

हातातला चहा आधी खाली ठेवा. छपाईची चूक नाहीये ही. 'ख्रिस्तीज' या जगप्रसिद्ध लिलाव कंपनीने १४ मे २०२५ च्या जिनिव्हातल्या लिलावासाठी 'गोलकोंडा ब्लू' नावाचा हिरा जाहीर केला, तेव्हा सांगितलेला अंदाज होता साडेतीन ते पाच कोटी डॉलर. २३.२४ कॅरट, पेअर फळाच्या आकाराचा, आणि रंगाची श्रेणी 'फॅन्सी व्हिव्हिड ब्लू'. निळ्या हिऱ्यांच्या जगात याच्या वर काही नाही.

सगळ्या पेपरांनी आकडा छापला. आपल्याकडे तर हेडलाइनच आकड्याची असते! मला मात्र हिऱ्याच्या इतिहासातल्या एका साध्या ओळीने अडकवून ठेवलं. १९२३ साली इंदूरच्या महाराजांनी पॅरिसच्या 'शोमे' या पेढीकडून या हिऱ्याचं ब्रेसलेट घडवून घेतलं होतं. लिलावात आला तेव्हा मात्र हिरा होता अंगठीत. मग मधल्या शंभर वर्षांत ब्रेसलेट गेलं कुठे?

उत्तर एका शब्दाचं आहे, आणि तो शब्द पाच रस्त्यापासून झवेर रोडपर्यंतच्या प्रत्येक सराफी दुकानात रोज ऐकू येतो. मोड!

होळकर, पॅरिस आणि मलबार हिल

होळकर आपलेच. पुणे जिल्ह्यातल्या होळ गावावरून आडनाव पडलेलं मराठी घराणं. मल्हारराव, अहिल्याबाई आपल्याला शाळेपासून माहीत असतात. तुकोजीराव तिसरे कुणाला फारसे आठवत नाहीत. पण हिऱ्यांच्या दुनियेत हे नाव आजही वजनदार आहे. १९१३ साली त्यांनी शोमेकडून दोन भलेमोठे पेअर आकाराचे हिरे घेतले, ४६.९५ आणि ४६.७० कॅरटचे. जग त्यांना 'इंदूर पेअर्स' म्हणून ओळखतं. दहा वर्षांनी त्याच पेढीकडून निळ्या हिऱ्याचं ब्रेसलेट झालं.

पॅरिसच का? कारण त्या काळात आपल्या राजेमंडळींना तिथल्या कारागिरीची भलती क्रेझ होती. आपल्याकडचं कुंदनकाम शुद्ध सोन्यात. भरगच्च, देखणं, पण जड. पॅरिसवाल्यांच्या हाती आलं होतं प्लॅटिनम. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सियस लागतात, सोन्याला १०६४. त्यामुळे विसावं शतक उजाडेपर्यंत सराफांनी या धातूचा फारसा नाद केला नव्हता. तशी भट्टी आणि तशी ज्योत हाताशी आली आणि चित्र पालटलं. प्लॅटिनम इतकं चिवट, की केसासारख्या बारीक तारेतही हिरा घट्ट बसतो. शिवाय रंग पांढरा, म्हणजे हिऱ्यावर सोन्याची पिवळी झाक पडत नाही. एक-एक कडी सुटी घडवून जोडलेली, मनगटावर रेशमी फितीसारखी वळणारी ब्रेसलेट्स ही त्या दशकाची खासियत. आज 'आर्ट डेको' म्हणून लिलावात मिरवतात ती हीच.

तुकोजीरावांना मात्र त्या ब्रेसलेटची मजा फार दिवस मिळाली नसावी. १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत, मलबार हिलवर, अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून झाला. सोबत होती इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम. तिला पळवून न्यायचा डाव होता. योगायोगाने तिथून जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले आणि ती वाचली. संशयाचे धागे थेट इंदूरपर्यंत गेले. सरकारने महाराजांपुढे पर्याय ठेवला, चौकशी आयोग किंवा राजत्याग. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. गादी गेली मुलाकडे, आणि जवाहिरही.

एक हिरा, पाच अवतार

मुलगा म्हणजे यशवंतराव दुसरे. ऑक्सफर्डला शिकलेले, मॉडर्न आर्टचे जबरदस्त शौकीन. एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग पॅलेस बांधून घेतला. आत युरोपातलं त्या काळचं सगळ्यात हटके फर्निचर! वडिलांच्या वेळचे दागिने या राजाला जुनाट वाटले असतील तर नवल नाही. १९३३ च्या सुमारास त्यांनी 'मोबूसाँ' या पॅरिसच्याच पेढीला राजघराण्याचे अधिकृत जवाहिरे नेमलं. मोबूसाँने जुने दागिने नव्या घाटात आणले. ब्रेसलेटमधला निळा हिरा निघाला आणि इंदूर पेअर्ससोबत एका लांब हारात जाऊन बसला.

म्हणजे ब्रेसलेटचं आयुष्य सगळं मिळून दहाएक वर्षांचं.

तो हार आज आपण पाहू शकतो, पण फक्त चित्रात. बर्नार्ड बूते द माँव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराणी संयोगिताबाईंचं पोर्ट्रेट केलं, त्यात तो आहे. संयोगिताबाई कोल्हापूरजवळच्या कागलच्या. १९३७ साली, ऐन तारुण्यात त्या स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. चित्र राहिलं. हारही पुढे मोडला.

१९४६ मध्ये इंदूर पेअर्स आणि १९४७ मध्ये निळा हिरा न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेले. विन्स्टन म्हणजे कोण? आपल्या भाषेत सांगायचं तर जगातला सगळ्यात मोठा मोड घेणारा सोनार! श्रीमंत घराण्यांचे जुने दागिने विकत घ्यायचे, खडे काढायचे, नव्या फॅशनचं कोंदण द्यायचं आणि पुन्हा विकायचे, हा त्याचा धंदा. निळ्या हिऱ्याला त्याने तेवढ्याच आकाराचा पांढरा हिरा जोडीला दिला आणि ब्रूच बनवला. गिऱ्हाईक कोण मिळालं? बडोद्याचे महाराज! एका मराठी राजघराण्यातला हिरा अमेरिकेला वळसा घालून दुसऱ्या मराठी राजघराण्यात. तिथून तो परत विन्स्टनकडे आला, पुन्हा नवा ब्रूच झाला आणि विकला गेला. लिलावात आला तेव्हा 'जार' या पॅरिसच्या नामवंत डिझायनरच्या अंगठीत होता.

ब्रेसलेट, हार, ब्रूच, दुसरा ब्रूच, अंगठी. एका हिऱ्याचे पाच अवतार.

बडोद्यावरून आठवलं. तिथल्या महाराणी सीतादेवींनी १९५३ मध्ये पाचू आणि हिऱ्यांची पैंजणं विन्स्टनला विकली. त्याने त्यांचा हार केला. तो विंडसरच्या डचेसने घेतला आणि १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बॉलला मिरवला. त्याच पार्टीत सीतादेवी हजर! हे खडे माझ्या पायातही इतकेच छान दिसायचे, अशा अर्थाचं त्या सगळ्यांसमोर बोलल्या, असा किस्सा आहे. डचेसबाईंनी हार परत केला. मोड दिलेला दागिना कधी, कुठे समोर येईल, सांगता येत नाही बॉस!

लिलावाचा फंडा

आता थोडं गणित. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूपुढे दोन आकडे असतात, अंदाजाची खालची आणि वरची बाजू. तिसरा आकडा छापत नाहीत. तो म्हणजे 'रिझर्व्ह', ज्याच्या खाली मालक विकणार नाही ती किंमत. ती खालच्या अंदाजाहून जास्त नसते. हातोडा पडला की जो आकडा ठरतो, त्यावर खरेदीदाराला लिलाव कंपनीचं कमिशन द्यावं लागतं. पहिल्या टप्प्यावर ते साधारण पाव हिस्सा असतं. किंमत वाढेल तसा दर उतरतो. त्यामुळे बातमीतला आकडा बहुतेक वेळा कमिशन धरून असतो. मालकाच्या हातात एवढे पडत नाहीत.

आणि कॅटलॉगात छापलं म्हणजे लिलाव झालाच असंही नाही. 'गोलकोंडा ब्लू' शेवटच्या क्षणी लिलावातून मागे घेतला गेला. जिनिव्हातल्या त्या हॉलमध्ये या हिऱ्यासाठी हातोडा पडलाच नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न. ब्रेसलेट मोडलं, हार मोडला, तरी अंदाज तीनशे कोटींच्या वर कसा? अर्थातच रंग आणि आकार. एवढा मोठा, एवढा निळा हिरा पुन्हा कुठून आणणार? पण दुसरी गोष्ट म्हणजे कागद. शोमे, मोबूसाँ, विन्स्टन... प्रत्येक वळणावर नाव आहे, साल आहे, पोर्ट्रेट आहे. लिलाववाले याला 'प्रॉव्हेनन्स' म्हणतात, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी. दागिना मोडला, पण त्याची नोंद कुणी मोडली नाही.

घडणावळीची किंमत

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट एका ब्रेसलेटचीच आहे. पुन्हा त्याच विंडसरच्या डचेसबाई. १९५२ साली त्यांनी 'कार्तिये'कडून एक ब्रेसलेट घेतलं. प्लॅटिनममध्ये छोटे छोटे हिरे, मध्ये काळ्या ऑनिक्सचे ठिपके, डोळ्यांच्या जागी पाचू. मनगटाभोवती विळखा घालून बसलेला चक्क बिबळ्या! त्यात कुठलाही जगावेगळा हिरा नाही. पण ते कुणी मोडलं नाही. ३० नोव्हेंबर २०१० ला लंडनला 'सदबीज'च्या लिलावात ते आलं. अंदाज होता दहा ते पंधरा लाख पौंड. विकलं गेलं पंचेचाळीस लाखांच्या वर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीस कोटींहून जास्त! ब्रेसलेटच्या लिलावातला तोपर्यंतचा तो विक्रम होता.

सुटे करून विकले असते तर त्या हिऱ्यांचे असे कितीसे आले असते? पैसे मिळाले ते घाटाला, कारागिराच्या हाताला, पेढीच्या सहीला आणि मालकिणीच्या नावाला. आपल्या सराफी भाषेत ज्याला घडणावळ म्हणतात, तिला!

आता हेच मुलुंडच्या दुकानात बघा. नवीन दागिना घेताना बिलात घडणावळ घसघशीत लागते. तोच दागिना मोडीला नेला की घडणावळ शून्य. काट्यावर वजन, त्यातून घट वजा, उरलेल्या सोन्याला आजचा भाव. सोनाराचं यात काही चुकत नाही. तो धातू विकत घेतोय, दागिना नाही. पण आपण मात्र त्याच्या काउंटरवर दोन्ही ठेवून येतो.

म्हणून मोड देऊ नये का? तसं अजिबात नाही. हे लेक्चर मी देणार नाही. मुलुंडमधल्या कितीतरी वन बीएचकेंचं डाऊन पेमेंट आईच्या बांगड्यांनी भरलंय. कुणाची एमबीएची फी, कुणाच्या बाबांची बायपास. सोनं घरात असतं ते याचसाठी. होळकरांनीही संस्थानी राज्याचा सूर्य मावळताना हिरे विकलेच की! आणि घडणावळीला मोल येतं म्हणून कुणी मॉलमधल्या दुकानातून गेल्या दिवाळीत घेतलेलं प्लॅटिनम ब्रेसलेट लॉकरमध्ये ठेवून कोट्यधीश व्हायची स्वप्नं बघू नयेत. मशीनवर हजारोंनी निघालेला पीस नुसता जुना झाला म्हणून 'व्हिंटेज' होत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. मोडायच्या आधी आपण त्या दागिन्याकडे एकदा तरी नीट बघतो का? पणजीच्या तोड्यांवर कोणत्या गावच्या सोनाराचा शिक्का होता? आजोबांनी नैरोबीहून की एडनहून आणलेलं ते पांढरं ब्रेसलेट चांदीचं होतं, व्हाइट गोल्डचं की प्लॅटिनमचं? बऱ्याच घरांत याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण विचारायची वेळ येते तेव्हा दागिना वितळून गेलेला असतो आणि आजीही नसते.

मोड देण्याआधी पाच कामं

एक, फोटो. पुढून, मागून, हुकाचा आणि एक मोजपट्टीशेजारी ठेवून. मागची बाजू महत्त्वाची. चांगला कारागीर मागूनही तितकंच सफाईदार काम करतो.

दोन, शिक्का. सोनाराकडचं भिंग मागून घ्या. 'पीटी ९५०' किंवा नुसतं '९५०' दिसलं तर हजारात ९५० भाग प्लॅटिनम. '७५०' दिसलं तर १८ कॅरट सोनं, पांढरं असलं तरी. फ्रान्समध्ये १९१२ पासून प्लॅटिनमवर कुत्र्याच्या डोक्याचा इवलासा शिक्का मारतात. तो दिसला तर दागिना गुपचूप पिशवीत घाला आणि जाणकाराकडे जा!

तीन, हिऱ्याचे पैलू. मधोमध वरून छोटा गोल ठिपका दिसतोय? पैलू जरा ओबडधोबड, मोठे वाटतात? मग तो जुन्या पद्धतीने हाताने पाडलेला हिरा असू शकतो. 'नवीन कटिंग करून घ्या, चमकेल' असा सल्ला मिळेल. लगेच हो म्हणू नका. कापलेला हिरा परत जोडता येत नाही.

चार, किंमत अशा माणसाकडून काढून घ्या जो तो दागिना स्वतः विकत घेणार नाही. लेखी घ्या, आणि जुनी पावती, लग्नाच्या अल्बममधला त्या दागिन्याचा फोटो, सगळं एका पाकिटात ठेवा. हाच तुमचा प्रॉव्हेनन्स! लिलावात जायचं तर जिनिव्हा कशाला, मुंबईतही दागिन्यांचे लिलाव होतात.

पाच, कायदा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९७२ चा कायदा आहे. अमेरिकेतल्या मावसबहिणीच्या बॅगेत पणजीचा ऐतिहासिक ऐवज टाकण्याआधी आठवा.

यातल्या पहिल्या आणि चौथ्या कामाला मिळून एक रविवार सकाळ लागते. पोहे होईपर्यंत आईला दागिन्यांचा डबा काढायला सांगा, मोबाइल हातात घ्या आणि एकेक दागिन्याची गोष्ट रेकॉर्ड करा. कुणी दिला, कधी दिला, कुठल्या सोनाराने घडवला, कोणता एकदा गहाण पडून सुटून आला. ती शेवटची गोष्ट आई जरा थांबून सांगेल. ती तर नक्की लिहून ठेवा.

शेवटी काय उरतं?

माणिकबागेतलं ते हटके फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकलं गेलं. पॅलेसमध्ये आज केंद्रीय जीएसटी आणि कस्टम्सचं ऑफिस आहे. ज्या घरात इंदूर पेअर्स गळ्यात घालून महाराणी वावरल्या, तिथे आता फायलींवर सह्या होतात. इंदूर पेअर्सचे पैलू विन्स्टनने पुन्हा पाडले. वजन भरलं ४४.६२ आणि ४४.१८ कॅरट. म्हणजे दोन्ही हिऱ्यांची दोन-दोन कॅरटहून जास्त धूळ झाली.

पण १९२३ ची ती एक ओळ टिकली. शोमे, ब्रेसलेट, इंदूर. कुणीतरी, कुठल्यातरी वहीत, शंभर वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली होती म्हणून आज आपल्याला कळतंय की असं एक ब्रेसलेट होतं.

तुमच्या घरातल्या डब्याची अशी वही अजून कुणी लिहिलेली नाही. या धनत्रयोदशीला सोनाराकडे जाल तेव्हा 'मोड आणलीय का?' हा प्रश्न येणारच. हो म्हणा, खुशाल म्हणा. फक्त त्याच्या आधी ती वही लिहायला घ्या.